मेंढपाळ नावाने हाक मारतो



आज उत्तम मेंढपाळाचा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (योहान 10:1-10) प्रभू येशू खऱ्या मेंढपाळाची एक अगदी साधी खूण सांगतो. चोर भिंतीवरून उडी मारून आत येतो. मेंढपाळ दारातून येतो आणि आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो. मेंढरे ती हाक ओळखतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. कळप मोठा असला तरी मेंढपाळाच्या मनात कळप नसतो, एकेक मेंढरू असते.

हे वचन वाचताना आम्हांला एक प्रसंग आठवतो आणि मान खाली जाते. चर्चच्या आवारातील भिंतीचे काम चालू होते. त्या कामावरचा एक तरुण मजूर परांचीवरून घसरून पडला. आमच्यापैकी दोघे-तिघे त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. खिडकीपाशी केसपेपर काढताना विचारले गेले, "पेशंटचे नाव काय?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तीन महिने तो आमच्या डोळ्यांसमोर राबत होता. आम्ही त्याला चहा दिला होता, पाणी दिले होते, नाताळात करंज्याही दिल्या होत्या. पण हाक मारताना "भैया" आणि घाई असली की नुसते "ए" म्हणत होतो. मुकादमाला फोन लावला, तर त्यालाही "छोटू" एवढेच ठाऊक! देवाच्या दयेने इजा फार नव्हती. तो शुद्धीवर होता. त्यानेच आपले नाव सांगितले आणि ते कागदावर उतरले.

त्या दिवसापासून नाव म्हणजे काय, या प्रश्नाने आम्हांला सोडलेले नाही. म्हणून आज नावांविषयी थोडे बोलू या. त्यासाठी संत पौलांच्या मागोमाग ग्रीस देशात जाऊ या. तेथील गावांच्या आणि माणसांच्या नावांत आपल्यासाठी मोठा धडा लपलेला आहे.

राजांनी गावांना दिलेली नावे

संत पौल, सिला आणि तीमथ्य त्रोवसहून समुद्र ओलांडून मासेदोनियात आले, ते नियापुली बंदरात उतरले (प्रे. कृत्ये 16:11). नियापुली म्हणजे 'नवे नगर'. आज त्याच गावाला कवाला म्हणतात. तेथून ते फिलिप्पै येथे गेले.

फिलिप्पै या गावाचे मूळ नाव क्रेनिदेस. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'झऱ्यांचे ठिकाण'. पाणी मुबलक होते, म्हणून लोकांनी दिलेले हे साधे नाव. परंतु जवळच्या डोंगरात सोन्याच्या खाणी होत्या. इ.स. पूर्व 356 मध्ये मासेदोनियाचा राजा दुसरा फिलिप याने गाव ताब्यात घेतले, तटबंदी घातली आणि त्याला स्वतःचे नाव दिले. हा फिलिप म्हणजे जगज्जेत्या अलेक्झांडरचा, आपल्या शाळेच्या पुस्तकातील सिकंदराचा बाप. 'फिलॉस' म्हणजे प्रेम करणारा आणि 'हिप्पॉस' म्हणजे घोडा. फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा. (आपल्यातील फिलिप नावाच्या बांधवांनी हे वाचून घोडा घेण्याची घाई करू नये!)

पुढचे मोठे शहर थेस्सलनीका. हे नाव एका स्त्रीचे आहे. फिलिप राजाला थेस्सली प्रांतात विजय मिळाला, म्हणून त्याने आपल्या मुलीचे नाव 'थेस्सलीचा विजय' असे ठेवले. 'नीके' म्हणजे विजय. निकोलस या नावातही हाच शब्द आहे. तिचा पती कसांद्रोस याने इ.स. पूर्व 315 च्या सुमारास नवे शहर वसवले आणि त्याला पत्नीचे नाव दिले. केवढा मान! पण त्याच राणीला पुढे तिच्या पोटच्या मुलाने सत्तेच्या भांडणात ठार मारले. नावात विजय होता, पण घरात शांती नव्हती.

अंत्युखिया हे नाव सेल्युकस राजाने आपल्या बापाच्या, अंतियोखसच्या नावावरून दिले. लावदिकिया हे एका राणीचे नाव. त्या काळचे राजे गाव जिंकत आणि त्याच्यावर आपल्या घराण्याचा शिक्का मारत. आपल्यालाही याची थोडी सवय आहेच. बाकाला, पंख्याला, वेदीच्या पायरीला आपण काही दिले की संगमरवरी पाटी लागली पाहिजे, अक्षरे ठळक असली पाहिजेत. कोणी दिले ते देवाला ठाऊक असतेच, पण शेजाऱ्यालाही ठाऊक व्हावे असे आपल्याला वाटते!

नदीकाठची लुदिया

राजाच्या नावाच्या त्या गावात संत पौलांचे पहिले शुभवर्तमान कोणी ऐकले? शब्बाथाच्या दिवशी ते वेशीबाहेर नदीकाठी गेले. तेथे काही स्त्रिया प्रार्थनेसाठी जमल्या होत्या. त्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी एक बाई होती, लुदिया. ती थुवतीरा गावची. थुवतीरा हे लुदिया नावाच्या प्रांतात होते. त्यामुळे काही अभ्यासकांना वाटते की लुदिया हे तिचे पाळण्यातले नाव नसून 'ती लुदिया प्रांताची बाई' असे लोक म्हणत असावेत. आपल्याकडे नाही का, लग्न होऊन आलेल्या सुनेला वर्षानुवर्षे माहेरच्या गावावरूनच ओळखतात, तसे.

प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. तिने आणि तिच्या घराण्याने बाप्तिस्मा घेतला आणि तिने पौलांना आग्रहाने आपल्या घरी उतरवले. युरोपच्या भूमीवर बाप्तिस्मा घेतलेली, पवित्र शास्त्राने नावानिशी सांगितलेली ही पहिली व्यक्ती.

आज फिलिप राजाचे ते नगर भग्नावशेष होऊन पडले आहे. 2016 साली युनेस्कोने त्या अवशेषांना जागतिक वारशाचा मान दिला. पर्यटक येतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. पण त्या अवशेषांजवळ आज जे गाव वसलेले आहे, त्याचे नाव क्रिनिदेस आहे, तेच जुने झऱ्यांचे नाव! आणि जेथे लुदियेचा बाप्तिस्मा झाला असे मानतात, त्या नदीकाठाजवळच्या वस्तीचे नाव लुदिया आहे. राजाने पुसलेले पाण्याचे नाव परत आले, आणि परगावच्या एका कापडविक्या बाईचे नाव गावाला लागले. देवाचे हिशेब असे असतात.

ज्या वेदीला नाव नव्हते

थेस्सलनीका आणि बिरुया येथून संत पौल अथेन्सला पोहोचले. अथेना देवीशी जोडलेले हे नगर. पौलांनी ज्या अरीयपगावर भाषण केले, त्या टेकडीचे नावही युद्धदेव आरेस याच्यावरून पडलेले. चौकाचौकांत मूर्ती आणि प्रत्येकीखाली नाव. त्या नावांच्या गर्दीत पौलांना एक वेदी दिसली. तिच्यावर लिहिले होते की ही अज्ञात देवासाठी आहे (प्रे. कृत्ये 17:23). पौलांनी त्या लोकांची टर उडवली नाही. ज्याचे नाव तुम्हांला ठाऊक नाही, त्याचीच ओळख मी करून देतो, असे ते म्हणाले. आणि तो देव आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, हेही सांगितले.

पुढे करिंथ. तेथील ख्रिस्ती मंडळीत वेगळाच आजार शिरला होता. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसचा, तिसरा म्हणे मी केफाचा (1 करिंथ 1:12). माणसांची नावे पक्षांची नावे झाली होती. संत पौल चिडून विचारतात, तुमचा बाप्तिस्मा काय पौलाच्या नावाने झाला? मग ते आठवू लागतात की आपण तेथे कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला. क्रिस्प आणि गायस आठवतात. थोड्या वेळाने स्तेफनचे घराणे आठवते. आणखी कोणाला दिला असेल तर ध्यानात नाही, असे ते सरळ लिहून टाकतात. एवढा मोठा प्रेषित, पण नोंदवहीत आपले नाव किती वेळा आले, याचा त्याला हिशेब ठेवायचा नाही.

बंधू-भगिनींनो, करिंथ आपल्यापासून लांब आहे का? हे अमक्या फादरांच्या वेळचे, ते तमक्या फादरांचे. हा या वाडीचा, तो त्या वाडीचा. निवडणुकीच्या वेळी तर विचारायलाच नको. वेदीसमोर आपण एकाच नावाने क्रूसाची खूण करतो, आणि दाराबाहेर पडलो की आपली नावे बदलतात.

आकडा होता, माणूस झाला

आता गावे सोडून माणसांकडे येऊ. त्या काळी दासदासींची नावे बहुधा मालक ठेवत असे. कोठून आणला त्यावरून, किंवा त्याच्याकडून काय हवे त्यावरून. फिलेमोन नावाच्या सधन ख्रिस्ती माणसाकडे असाच एक दास होता, अनेसिम. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'उपयोगी'. विचार करा, आपण एखाद्या अवजाराला देऊ तसले हे नाव. तो मालकापासून दुरावला आणि तुरुंगात असलेल्या पौलांजवळ येऊन पोहोचला. तेथे तो ख्रिस्ती झाला. पौलांनी त्याला चिठ्ठी देऊन परत पाठवले. हेच ते फिलेमोनला लिहिलेले पत्र, अवघ्या 25 वचनांचे. त्यात पौल त्याच्या नावावर कोटी करतात: हा 'उपयोगी' पूर्वी तुला निरुपयोगी होता, पण आता तुला आणि मलाही खरोखर उपयोगी झाला आहे (वचन 11). गंमत अशी की 'क' वर्षाच्या तेविसाव्या सामान्य रविवारी हे पत्र चर्चमध्ये वाचतात, तेव्हा नेमके हे अकरावे वचन गाळलेले असते. म्हणून ते घरी उघडून वाचावे.

पण पौल कोटीवर थांबत नाहीत. त्याला दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे ते फिलेमोनला सांगतात. म्हणजे नाव तेच राहिले, पण हाक बदलली. 'ए उपयोगी' असे ओरडणाऱ्या तोंडातून आता 'बंधो' असा शब्द निघायचा होता.

दुसरे उदाहरण रोमकरांस पत्राच्या शेवटी आहे. ते महान पत्र पौलांनी तोंडी सांगितले आणि लिहून घेतले तर्तियने. 'तर्तिय' म्हणजे लॅटिनमध्ये 'तिसरा'. दोन ओळी खाली 'क्वर्त' भेटतो, म्हणजे 'चौथा'. दासदासींमध्ये अशी आकडी नावे नेहमी आढळत. पण पत्र संपता संपता लेखणी क्षणभर पौलांची राहत नाही. हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय तुम्हांला प्रभूमध्ये सलाम सांगतो, असे तो स्वतः म्हणतो (रोम 16:22). आणि क्वर्तचे नाव येते तेथे त्याला आपला बंधू म्हटले आहे. जगाने ज्यांना आकडा दिला, त्यांना ख्रिस्तसभेत आवाज मिळाला, नाते मिळाले.

हे फक्त जुन्या काळचे आहे असे समजू नका. आपल्या महाराष्ट्रात मुलीच झाल्या म्हणून शेवटच्या मुलीचे नाव 'नकोशी' ठेवण्याची रीत होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. आयुष्यभर 'नको' या हाकेला 'ओ' द्यायची, याचे दुःख त्या मुलींनाच ठाऊक. आणि आपल्या घरांत? 'काळी', 'लंगडा', 'ढ' या नावांनी आपण मुलांना हसत हसत हाक मारतो. आपण विसरतो, मूल विसरत नाही.

आपली नावे

स्नानसंस्काराची नोंद करायला आलेले आईवडील पुष्कळदा विचारतात, "फादर, नाव संताचेच हवे का? मराठी नाव चालेल का?" घरातही यावरून वाद होतात. आजोबांना आपल्या वडिलांचे नाव चालवायचे असते, तर मुलाला मोबाइलवर सापडलेले नाव आवडलेले असते.

पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे पाहू या. किंख्रिया मंडळीची सेविका फिबी. हे नाव अर्तमी देवीचे बिरुद, अर्थ 'तेजस्वी'. अपुल्लोस हे नाव अपोलो देवावरून. अथेन्समध्ये विश्वास ठेवणारा दियोनुस्य, म्हणजे दियोनिसस देवाचा. यांपैकी कोणालाही संत पौलांनी नाव बदलायला लावल्याचे आपण वाचत नाही. नावे तीच राहिली, जीवन बदलले, आणि आज ती संतांची नावे झाली आहेत. आपल्या पवित्र प्रेषितांपैकी अंद्रिया आणि फिलिप ही नावेही ग्रीकच. ग्रीक लोकांना येशूला भेटायचे होते, तेव्हा ते फिलिपकडे गेले आणि फिलिप अंद्रियाकडे गेला (योहान 12:20-22). परक्याला प्रभूपर्यंत नेण्यासाठी ती परभाषेतील नावे कामी आली असतील!

पुढे विश्वासू लोक प्रेमापोटी मुलांना पेत्र आणि पौल ही नावे ठेवू लागले. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनुस्य यांनी तसे लिहून ठेवले आहे. आता पेत्र म्हणजे काय? खडक. मूळ अरामी शब्द केफा. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून मुलाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवत आणि शहरात गेल्यावर तो मुलगा ते नाव लपवत असे. आपण मात्र पीटर हे नाव रुबाबात सांगतो. अर्थ पाहिला तर दगडू आणि पीटर सख्खे भाऊ! फरक एवढाच की त्या खडकावर प्रभूने आपली ख्रिस्तसभा उभारली.

पोर्तुगीज काळात आपल्या पूर्वजांना पेद्रो, इस्तेव्हांव, जोर्ज अशी नावे मिळाली. इस्तेव्हांव म्हणजे स्टीफन, अर्थ 'मुकुट'. जॉर्ज म्हणजे 'शेतकरी'. आयरीन म्हणजे 'शांती', सोफिया म्हणजे 'ज्ञान', अगाथा म्हणजे 'चांगली', डोरोथी म्हणजे 'देवाचे दान'. एवढी सुंदर नावे आपण अर्थ न जाणता वाहतो. आडनावांचेही तेच. पेरेरा म्हणजे नासपतीचे झाड आणि मचाडो म्हणजे कुऱ्हाड. ही नावे आता परकी नाहीत, आपल्या चार-पाचशे वर्षांच्या सुखदुःखाने ती आपली झाली आहेत. त्याचबरोबर शांती, करुणा, आनंद, आशा ही आपल्या मायबोलीची नावेही परकी नाहीत. 1983 च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत (कलम 855) एवढेच सांगितले आहे की ख्रिस्ती भावनेला विसंगत असे नाव ठेवले जाणार नाही याची आईवडिलांनी, धर्ममातापित्यांनी आणि धर्मगुरूंनी काळजी घ्यावी. म्हणून नाव ठेवण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारा. संताचे नाव ठेवले तर त्या संताची गोष्ट मुलाला सांगा. मराठी नाव ठेवले तर त्या शब्दाला शोभेल असे ख्रिस्ती जीवन त्याला शिकवा. ज्या नावामागे काहीच सांगण्यासारखे नाही, ते कानाला गोड असले तरी रिकामे आहे.

नाव आणि गाव यांची एक गोष्ट सांगून हा भाग संपवतो. इ.स. 310 च्या सुमारास छळाच्या काळात पॅलेस्टाइनमधील कैसरिया नगराच्या वेशीवर पाच इजिप्शियन ख्रिस्ती पकडले गेले. न्यायाधीशाने नावे विचारली. त्यांनी आपली मूर्तिपूजक नावे टाकून संदेष्ट्यांची नावे घेतली होती: एलीया, यिर्मया, यशया, शमुवेल, दानियेल. गाव कोणते, असे विचारताच त्यांच्या पुढाऱ्याने उत्तर दिले, यरुशलेम. त्याच्या मनात स्वर्गीय यरुशलेम होते. न्यायाधीशाला असे कोणते शहरच ठाऊक नव्हते, कारण सम्राट हाड्रियानने यरुशलेमचे नाव पुसून त्याला आपल्या कुळावरून ऐलिया हे नाव दिले होते. शत्रूंचे हे गुप्त नगर कोठे आहे, म्हणून त्याने त्या माणसाचा छळ केला. शेवटी पाचही जणांचा शिरच्छेद झाला. आज ऐलिया हे नाव पुस्तकातच राहिले आहे, यरुशलेम आपण रोजच्या प्रार्थनेत घेतो.

या आठवड्यात

आपल्या सर्वांचे आणखी एक नाव आहे: ख्रिस्ती. ते प्रथम अंत्युखियात पडले (प्रे. कृत्ये 11:26). आपण ते स्वतः ठेवलेले नाही, आपले वागणे पाहून लोकांनी ठेवले. 2023 च्या फेब्रुवारीतील भूकंपात ते शहर, आजचे अंताक्या, उद्ध्वस्त झाले. राजाच्या बापाचे नाव दिलेल्या त्या नगराच्या इमारती पडल्या, पण तेथे मिळालेले नाव आपल्या कपाळावर अजून आहे. आज लोक आपल्याला पाहून तेच नाव ठेवतील का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.

या आठवड्यात तीन गोष्टी करू या. पहिली, आपल्या स्वतःच्या नावाचा अर्थ आणि आपल्या संताचा सण शोधून काढू आणि घरातील मुलांना सांगू. दुसरी, ज्या नावाने आपण कोणाला दुखावतो, ते नाव आजपासून तोंडातून काढून टाकू. तिसरी, जो आपल्या दारात रोज येतो, वाडीत राबणारा, भांडी घासणारी, कचरा नेणारा, दुधाची पिशवी टाकणारा, त्याला त्याचे नाव विचारू आणि उद्या त्या नावानेच हाक मारू.

भिंतीवर काम करणारा तो तरुण बरा होऊन परत कामावर आला. आता चर्चच्या आवारात त्याला सगळे नावाने हाक मारतात. त्याला न विचारता ते नाव येथे छापणे बरे दिसणार नाही. पण पहिल्यांदा हाक मारली, तेव्हा त्याने चटकन मान वळवून पाहिले आणि तो हसला. आजचे शुभवर्तमान आम्हांला तेव्हा थोडे कळले.

प्रार्थना करू या: हे उत्तम मेंढपाळा, तू आम्हांला एकेकाच्या नावाने ओळखतोस. आमचे नाव मोठे करण्याचा हव्यास आमच्यापासून दूर कर. ज्यांना जगाने आकडा केले, अवजार केले, नकोसे केले, त्यांना बंधू आणि भगिनी म्हणून हाक मारण्याची कृपा आम्हांला दे. आणि शेवटच्या दिवशी तू आमचे नाव घेशील, तेव्हा तुझा आवाज ओळखून आम्ही तुझ्या मागे येऊ, असे कर. आमेन.